सॉरी म्हणणारा नेमकं काय म्हणत असतो?

प्रश्न असा आला आहे: ‘माझ्या टीममध्ये इंग्लंडचे एक गृहस्थ आहेत. आजी गेली म्हणून मी चार दिवस रजेवर होतो. परतल्यावर कॉलवर त्यांना कारण सांगितलं, तर ते म्हणाले, आय ॲम सो सॉरी. मी सवयीने म्हणालो, इट्स ओके, नॉट युअर फॉल्ट. पलीकडे क्षणभर शांतता. तेव्हापासून ते मनात घोळतंय. त्यांची काही चूक नसताना ते सॉरी का म्हणाले? सॉरी हा शब्द सॉरोवरून आला का? आणि सॉरी, एक्स्क्यूज मी, अपॉलजाइज, रिग्रेट यांतलं काय कुठे वापरायचं?’

आधी थोडक्यात सांगतो. त्यांनी तुमची माफी मागितली नाही. तुमच्या आजी गेल्याचं ऐकून आपल्याला वाईट वाटलं, एवढंच ते सांगत होते, आणि त्यावर ‘थँक यू’ म्हटलं की पुरतं. सॉरी हा शब्द सॉरोवरून आलेला नाही, दोघं दिसायला सख्खे भाऊ वाटत असले तरी. आता सविस्तर. मी सव्वीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करतो आणि संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेतो. अवघड शब्द आला की विद्यार्थी शब्दकोश उघडतात, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. सॉरी मात्र येतोच असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून तो कुणी उघडून पाहत नाही.

सगळी गाठ व्याकरणात आहे. सॉरी हे विशेषण आहे. आय ॲम हंग्री, आय ॲम टायर्ड, आय ॲम हॅपी, त्याच रांगेत आय ॲम सॉरी. बोलणारा आपली अवस्था सांगतो: मला भूक लागली आहे, मी दमलोय, मला आनंद झालाय, मला वाईट वाटतंय. समोरच्याकडे त्याने काही मागितलेलं नाही. आपलं ‘माफ करा’ बघा. ते आज्ञार्थी रूप आहे आणि त्यात करणारे तुम्ही आहात. ‘माफी मागतो’ म्हटलं की मागणारा एक आणि देणारा दुसरा, अशी दोन माणसं लागतात. ‘आय ॲम सॉरी’ हे वाक्य एकाच माणसावर पूर्ण होतं. शाळेत आपल्याकडून ‘सॉरी म्हणजे माफ करा’ असं घोकून घेतलं गेलं आणि एरवी ते चालूनही जातं, कारण चूक झाली की वाईट वाटणं आणि माफी मागणं पाठोपाठच येतं. मरणाच्या बातमीत चूक नसते, वाईट वाटणं तेवढं असतं. तिथे घोकलेला अर्थ उपयोगी पडत नाही.

हे मलाही शब्दकोशातून कळलं नाही. माझे वडील गेले तेव्हा मी एडिंबरामधल्या एका बाईंचं भाषांतराचं काम करत होतो. काम थांबलं म्हणून त्यांना दोन ओळी कळवल्या होत्या. चौदाव्याचं गोडजेवण झालं, पाहुणे पांगले, तेव्हा कुठे मेल उघडला. आई शेजारी येऊन बसली. कुणाचं पत्र, म्हणाली. सांगितलं. काय लिहिलंय? मी वाचता वाचताच म्हटलं, ‘सॉरी म्हणतायत.’ आई माझ्याकडे बघत राहिली. ‘त्या बिचारीने काय केलं? ती कशाला माफी मागते?’

मी वाक्य पुन्हा वाचलं. आय वॉज सो सॉरी टू हिअर अबाउट युअर फादर. आणि या वेळी सरळ तिच्या भाषेत सांगितलं: ‘बाबांचं ऐकून फार वाईट वाटलं, असं लिहिलंय.’ ‘मग असं सांग ना,’ आई म्हणाली. ‘वाईट वाटलं म्हणतायत. माझा नमस्कार कळव त्यांना.’

तेव्हा माझ्या हातून भाषांतराची बरीच पुस्तकं झाली होती. सॉरीचं बरोबर मराठी मला त्या दिवशी आईकडून मिळालं: वाईट वाटलं.

आता मूळ. १०६६ च्या नॉर्मन स्वारीआधी जी इंग्रजी होती, तिला जुनी इंग्रजी म्हणतात. तिच्यात ‘सार’ असा शब्द होता. अर्थ वेदना, दुखणं, जखम. त्याला ‘इग’ प्रत्यय लागून ‘सारिग’ झाला, म्हणजे ज्याला दुखणं आहे तो, मनाने दुखावलेला, दुःखी. हा ‘इग’ पुढे झिजून नुसता ‘ई’ उरला. ब्लडवरून ब्लडी, हंगरवरून हंग्री, स्टोनवरून स्टोनी होतं, त्यातला ई हाच. इकडे एकट्या ‘सार’चा झाला सोअर. घसा दुखला की आपण सोअर थ्रोट म्हणतो, तो सोअर. तेव्हा सॉरीची घडण सोअर अधिक ई अशी आहे. मराठीत दुखणंवरून जसा ‘दुखरा’ होतो, अगदी तसाच हा शब्द बनलेला आहे. आपण दुखरा पाय म्हणतो, दुखरी नस म्हणतो. मूळ अर्थाने आय ॲम सॉरी म्हणजे मी आतून दुखरा झालोय.

स्वराचं कसं झालं तेही बघण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीतला लांब ‘आ’ नंतरच्या काही शतकांत ‘ओ’कडे सरकला. स्टानचा स्टोन झाला, बानचा बोन, हामचा होम आणि सारचा सोअर. मग सॉरीमधला स्वर आखूड का? कारण शब्द लांबला की पहिला स्वर पुष्कळदा आखडतो. होली म्हणजे पवित्र. होली आणि डे जोडून होतो हॉलिडे, आणि त्यातला ओ लगेच आखूड होतो. सॉरीचंही तेच झालं. गंमत म्हणजे कॅनडातले लोक आजही ‘सोरी’च्या जवळ जाणारा उच्चार करतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी सोअर आणि सॉरीचं नातं कानाला ऐकू येतं. अमेरिकेत तो ‘सारी’कडे झुकतो. आपला सॉरी ब्रिटिश वळणाचा.

सॉरोचं कूळ निराळं. जुन्या इंग्रजीत तो ‘सोर्ग’ होता, अर्थ काळजी, दुःख. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘झोर्ग’ आजही काळजी या अर्थाने वापरात आहे. म्हणजे सॉरी निघाला वेदनेतून आणि सॉरो निघाला काळजीतून. दोघांचे अर्थ शेजारी शेजारी आले, रूपंही जवळ आली, आणि सॉरीचा स्वर आखडायला सॉरोच्या शेजाराचाही हातभार लागला असं व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात. आपल्याकडे असं जोडपं हवं असेल तर माफ आणि माफक घ्या. दोन्ही अरबीतून आलेले आणि दिसायला एकातून दुसरा निघाल्यासारखे. पण माफ आला ‘मुआफ’वरून आणि माफक आला ‘मुवाफिक’वरून. माफक म्हणजे बेताचं, जुळणारं. त्याचा क्षमेशी काही संबंध नाही. शब्द सारखे दिसले म्हणून नातं जोडू नये, हे मी वर्गात दर सत्रात सांगतो आणि उदाहरण म्हणून हीच जोडी देतो.

या ‘सार’च्या घराण्यातला मला सर्वांत आवडणारा शब्द जर्मन आहे: ‘झेअर’. अर्थ ‘खूप, फार’. जर्मन शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात भेटतो, झेअर गूट म्हणजे फार छान. हा झेअर म्हणजे आपला सोअरच. त्याचा मूळ अर्थ ‘वेदना होईल इतकं’. पुढे वेदना विसरली गेली आणि ‘इतकं’ तेवढं राहिलं. डचमध्ये त्याच शब्दाचे दोन्ही अर्थ अजून नांदतात. ‘झेअर’ म्हणजे खूप, आणि काही दुखलं की ‘हेट डूट झेअर’. इंग्रजीतही खुणा आहेत. सोअरली मिस्ड, सोअरली नीडेड यात सोअरली म्हणजे फार. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपण ‘भयंकर आवडलं’ म्हणतो तेव्हा कुठे भय असतं? ‘मरणाचं ऊन’, ‘जीवघेणी सुंदर’ हीही तीच चाल. दुखण्याला, भीतीला, मरणाला माप म्हणून वापरायची सवय माणसाला सगळीकडेच आहे.

सॉरीचा दुसरा अर्थ निघाला तो दयनीय, केविलवाणा. दुःखी माणूस ज्याला पाहून कणव येते, तिथून कणव यावी अशी कुठलीही वस्तू. द रोड इज इन अ सॉरी स्टेट म्हणजे रस्त्याची पार दैना झाली आहे. कट अ सॉरी फिगर हा आपल्या शाळेतल्या वाक्प्रचारांच्या यादीत हमखास असायचा. अर्थ फजिती होणं. हा अर्थ मध्ययुगापासून चालत आला आहे. क्षमेचा रंग त्यामानाने उशिरा चढला. शेक्सपिअरच्या काळात कुणाला धक्का लागला तर लोक ‘आय क्राय यू मर्सी’ म्हणत किंवा ‘पार्डन मी’ म्हणत. पुढेमागे काही न जोडता नुसतं ‘सॉरी’ एवढंच म्हणून मोकळं होण्याची पद्धत १९व्या शतकातली.

आता आपल्या शब्दांकडे या, कारण खरा घोळ इंग्रजीत कमी आणि आपल्या भाषांतरात जास्त आहे. ‘माफ’ हा हिशेबातला शब्द आहे. कर्जमाफी, फीमाफी, शेतसारा माफ. देणं होतं, ते घेणाऱ्याने सोडलं. ‘मला माफ कर’ म्हणताना मी कबूल करतो की माझ्याकडे तुझं काहीतरी येणं निघतं आणि ते तू सोडून दे. ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थी रूप, ‘तू क्षमा कर’. दूरदर्शनवर कार्यक्रम मध्येच तुटला की ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ अशी पाटी यायची, ती माझ्या पिढीला अजून डोळ्यांपुढे दिसते. तेही मागणंच. जर्मन लोकांकडे हाच हिशेब आहे. ‘शुल्ट’ म्हणजे कर्जही आणि दोषही, आणि धक्का लागल्यावर ते ‘एन्टशुल्डिगुंग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः दोषातून मोकळं करणं.

पण आपल्याकडे एक शब्द असा आहे जो सॉरीच्या जवळजवळ जागेवर बसतो: दिलगीर. फारसी शब्द. दिल म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा, पकडणारा. गिरफ्तार त्याच धातूचा, जहागीरमधला गीरही तोच. दिलगीर म्हणजे काळीज पकडून ठेवलेला, ज्याचं मन आवळलं गेलं आहे तो. जुन्या मराठी पत्रांत आणि बखरींत दिलगीर म्हणजे दुःखी, खिन्न. त्यात क्षमायाचना नाही. पुढे तो चुकीच्या प्रसंगी वापरला जाऊ लागला आणि आता तर तो फक्त पाट्यांवर उरला आहे: काम चालू रस्ता बंद, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सॉरीचा प्रवास आणि दिलगीरचा प्रवास किती सारखा आहे पाहा. दोघेही दुखऱ्या मनातून निघाले आणि गैरसोयीच्या पाटीपर्यंत आले. सॉरी रोजच्या तोंडात राहिला, दिलगीर कचेरीत अडकला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो सुंदर शब्द आहे.

इतर भाषांनीही हीच वाट धरलेली दिसते. स्पॅनिशमध्ये ‘लो सिएन्तो’, म्हणजे मला ते जाणवतं. जर्मनमध्ये दुःखाच्या प्रसंगी ‘एस टूट मिर लाइड’, म्हणजे त्याने मला क्लेश होतात. फ्रेंचमध्ये ‘देझोले’, उजाड झालेला. म्हणून या भाषांतले लोक मयताच्या घरी हे शब्द सहज वापरतात आणि कुणी त्यांना ‘तुमची काय चूक?’ असं विचारत नाही.

सॉरीमध्ये दोन अर्थ एकत्र राहतात, दुःख आणि दोषाची कबुली. आपल्या कामात यातून फार तर अवघडलेपण येतं, पण राज्यकारभारात यावर अकरा दिवस विमानाचे लोक अडकून पडले आहेत. १ एप्रिल २००१ ला चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान एकमेकांवर आदळली. चिनी वैमानिक गेला. अमेरिकी विमान हायनानवरच उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात राहिले. चीनचं म्हणणं, माफी मागा. अमेरिकेचं म्हणणं, दोष आमचा नाही. शेवटी अमेरिकेच्या राजदूताने पत्र दिलं. त्यात दोन ठिकाणी ‘व्हेरी सॉरी’ होतं: एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, आणि एकदा तोंडी परवानगीशिवाय चीनच्या हद्दीत शिरून उतरल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांपुढे ते क्षमायाचना म्हणून मांडलं. अमेरिका घरी सांगत राहिली की आम्ही दुःख व्यक्त केलं, माफी मागितलेली नाही. ११ एप्रिलला २४ जण सुटले. मी हे पत्र वर्गात शिकवतो, कारण एका विशेषणाच्या दोन अर्थांवर दोन देश एकाच वेळी उभे राहिल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट घडलं. तिथल्या आदिवासी कुटुंबांमधून सरकारी धोरणाने मुलं काढून नेली जात, हे अनेक दशकं, १९७० च्या आसपासपर्यंत चाललं. १९९७ मध्ये त्याचा चौकशी अहवाल आला आणि २६ मे १९९८ ला लोकांनी पहिला ‘सॉरी डे’ पाळला. तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी ऑगस्ट १९९९ मध्ये संसदेत ठराव आणला, त्यात ‘डीप अँड सिन्सिअर रिग्रेट’ होतं, सॉरी नव्हतं. लोकांना तो एकच शब्द हवा होता. मे २००० मध्ये सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून लाखो लोक चालत गेले, तेव्हा आकाशात विमानाच्या धुराने ‘सॉरी’ असं लिहिलं गेलं. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत ‘वी से सॉरी’ हे शब्द उच्चारले. लोक रडत होते. या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तिथल्या आदिवासींच्या इंग्रजीत आहे. कुणी गेलं की घरात जे दिवस पाळले जातात, जे विधी होतात, त्यांना ते ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. आपण ‘सुतक’ म्हणावं तसं. हजार वर्षांपूर्वीच्या सारिगचा दुःखाचा अर्थ तिथे जसाच्या तसा आहे.

कायद्यालाही या शब्दाची दखल घ्यावी लागली. अपघातानंतर सॉरी म्हटलं तर कोर्टात ती दोषाची कबुली ठरेल, या भीतीने माणसं जखमी माणसापुढे गप्प बसू लागली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ मध्येच अशा सहानुभूतीच्या शब्दांना संरक्षण दिलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये आणि ऑंटेरिओने २००९ मध्ये यासाठी कायदे केले. माझे काही विद्यार्थी नर्स म्हणून बाहेरदेशी जातात, त्यांना मी हे आवर्जून सांगतो. पेशंटच्या नातेवाइकांना ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणायला घाबरू नका, तिथे ते अपेक्षित असतं.

रिग्रेट यापेक्षा लांबचा, थंड शब्द. त्यात ‘हे व्हायला नको होतं’ एवढं असतं; कुणी केलं हे बाजूला राहतं. एप्रिल २०१९ मध्ये, जालियनवाला बागेच्या शताब्दीच्या तोंडावर, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत ‘वी डीपली रिग्रेट’ म्हटलं. आपल्याकडे लोकांना ते का पुरलं नाही, हे यावरून समजेल. अपॉलजाइज हे क्रियापद आहे आणि त्यात दोष पत्करणं आहे. त्याचं मूळ ग्रीक ‘अपोलोगिआ’, म्हणजे आरोपाला दिलेलं उत्तर, स्वतःचा बचाव. बचावाचा शब्द शेवटी कबुलीचा झाला, हेही नवलच. ऑफिसच्या लेखी मेलमध्ये चूक आपली असेल तर ‘आय अपॉलजाइज फॉर द डिले’ बरोबर. घरी बायकोला अपॉलजाइज म्हणाल तर तिला वाटेल तुम्ही पत्र वाचून दाखवताय; तिथे सॉरीच हवं, नाहीतर सरळ ‘चुकलं माझं’.

एक्स्क्यूज मी आणि सॉरी यांत ब्रिटिश वापरात आधी आणि नंतर असा साधा फरक धरा. वाट काढायची आहे, कुणाचं लक्ष वेधायचं आहे, तर आधी एक्स्क्यूज मी. धक्का लागून गेला, तर नंतर सॉरी. ऐकू आलं नाही तर ‘सॉरी?’ असं शेवट उंचावून. आपल्याकडे ‘काय?’ म्हणतो तसं इंग्रजीत ‘व्हॉट?’ म्हटलं तर उद्धट वाटतं.

पुढचं शब्दयोजनेचं. माणसाबद्दल कणव असेल तर फॉर: आय फील सॉरी फॉर हिम. हे वाक्य स्वतःच्या वरिष्ठाला उद्देशून कधी वापरू नका. ‘मला तुमची कीव येते’ असा त्याचा अर्थ निघतो. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रमोशन हुकलेल्या साहेबांना ते लिहून पाठवलं होतं. त्याला म्हणायचं होतं ‘ऐकून वाईट वाटलं’, म्हणजे सॉरी टू हिअर दॅट. घडलेल्या गोष्टीबद्दल अबाउट: सॉरी अबाउट द नॉइज. स्वतःच्या कृतीबद्दल फॉर आणि पुढे आयएनजीचं रूप: सॉरी फॉर कॉलिंग सो लेट. ‘सॉरी फॉर डिस्टर्ब यू’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते चूक. सॉरी टू डिस्टर्ब यू किंवा सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू. यू विल बी सॉरी यात तर क्षमा औषधालाही नाही, ‘पस्तावशील’ अशी ती तंबी आहे.

आफ्रिकेत, नायजेरिया-घाना-केनियाकडे काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे तुम्ही ठेचकाळलात, हातातलं काही पडलं, की दूर उभा असलेला माणूसही सॉरी म्हणतो. त्याने धक्का दिलेला नसतो. आपल्याकडे पोर पडलं की आपण ‘अगं आई गं, लागलं का रे?’ म्हणतो, तेच ते. केनियात स्वाहिलीत ‘पोले’ म्हणतात, त्याचंच इंग्रजी त्यांनी सॉरी केलं आहे.

मराठीत येताना सॉरीने ही सगळी दुःखाची बाजू वाटेतच सोडली. आपण घेतली ती फक्त चुकीची बाजू, आणि तीही दंड भरल्यासारखी. ‘काकूंना आधी सॉरी म्हण.’ ‘सॉरी म्हटलं ना मी?’ ‘सॉरी-बिरी काही नको.’ मूल सॉरी म्हणतं, पावती फाडल्यासारखं होतं, आणि विषय मिटतो. या शब्दाशी माझं भांडण नाही. पण आपल्याकडे चुकून कुणाला पाय लागला तर वाकून त्याला हात लावून तो हात छातीशी नेतात. शब्द लागत नाही. माझी नात चार वर्षांची आहे, तिला हे कुणी समजावून सांगितलेलं नाही. पाहून पाहून ती करते. पाय लागला की तिची बोटं माझ्या गुडघ्यावरून तिच्या फ्रॉकवर जातात. मला विचाराल तर सॉरीचं मूळ समजावायला याहून चांगली जागा नाही, कारण तो हात काळजाशीच जातो.

तुमच्या त्या सहकाऱ्यांबद्दल काळजी करू नका. त्यांनी तुमचं बोलणं मनाला लावून घेतलेलं नसणार, फक्त पुढे काय बोलावं ते त्यांना सुचलं नसेल. पुढच्या कॉलला संधी मिळाली तर एवढंच म्हणा: थँक यू फॉर युअर काइंड वर्ड्स अबाउट माय ग्रँडमदर. ते समजतील.

आणि आजींचं वाचून वाईट वाटलं.